नालोंगोच्या कबरीवरचा केक

चौथ्या रविवारीही केक गरमच होता.

बाबिर्येची किंकाळी ऐकली तशी चर्चमधली मिस्सा आटोपून परतणारी माणसं वाट सोडून केळीच्या बागेत घुसली. चेअरमन नान्योंगा सगळ्यांच्या शेवटी पोचली. चौसष्टाव्या वर्षी माझे गुडघेही रविवारची सुट्टी घेतात, असं ती स्वतःच म्हणायची. गावच्या कौन्सिलची चेअरमन म्हणून लोकांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.

बागेत दोन कबरी होत्या, एकमेकींना लागून. मोठी कबर तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या तेरेझाची. जुळ्या मुली झाल्या त्या दिवसापासून अख्खं क्यासुमा गाव तिला नालोंगो, जुळ्यांची आई, म्हणत आलं होतं. त्या दोघींतली बाबिर्ये आता अडतीस वर्षांची होती. दुसरी, नाकातो, नवव्या वर्षी तापाने गेली. छोटी कबर तिची.

मोठ्या कबरीवर नालोंगोचीच एनॅमलची ताटली होती. तिच्यात केळ्याचा केक होता आणि त्यातून वाफ येत होती. वारा पडला होता, पानंसुद्धा हलत नव्हती, आणि तो वास सगळ्या बागेत भरून राहिला होता. तीस वर्षं नालोंगोने टॅक्सी थांब्यावर हाच केक विकला होता. गावाला तो वास पाठ होता. म्हणूनच माणसांची पाचावर धारण बसली होती.

"पहाटेपण वास आला," कुणीतरी कुजबुजलं. "तिच्याच स्वयंपाकघरातून."

"वहिनीला कुणीतरी निजू देत नाहीये," नालोंगोचा दीर सेंतोंगो गरजला. "आणि कोण, ते काय माझ्याच तोंडून ऐकायचंय?"

त्याने हात केला तो कुंपणापलीकडच्या खोपटाकडे. तिथे केझिया राहायची. दूरच्या तोरो भागातली, एकटी, साठी उलटलेली. वीस वर्षं ती नालोंगोच्या हाताखाली केळी कुस्करत होती, आणि खोपटाची जागाही नालोंगोनेच तिला तोंडी दिली होती. केझिया शनिवारी प्रार्थनेला जाणाऱ्यांतली. रविवारी सारं गाव चर्चमध्ये असताना ती एकटीच घरी असायची.

"गाव रिकामं, केक गरम," सेंतोंगो म्हणाला. "आता आणखी काय पुरावा पाहिजे? आज ती इथून जाईल. चालत गेली तर बरं."

चार-पाच जणांनी हातातल्या काठ्या जमिनीवर आपटल्या.

एकोणतीस वर्षांपूर्वी, नाकातो गेली त्या आठवड्यात, अशाच काठ्या आपटल्या होत्या. म्हाताऱ्या येरीनाने पोरीला नजर लावली म्हणून तिला गावाबाहेर काढलं होतं. नान्योंगा तेव्हा दवाखान्यात नर्स होती. तो मलेरिया होता, हे तिने स्वतः रक्त तपासून पाहिलं होतं. ती गप्प बसली. येरीना डोक्यावर चटई घेऊन रस्त्याने गेली ती पुन्हा कुणाला दिसली नाही. नान्योंगाला मात्र ती अजून दिसायची, पाठमोरी.

"माटोके चुलीवरून उतरेपर्यंत थांबा," ती म्हणाली. दुपारच्या जेवणाची हिरवी केळी घरोघर शिजत होती. "तोवर कुणी कुंपण ओलांडलं तर पोलिसांना मी स्वतः फोन करेन. सेंतोंगो, पहिलं नाव तुमचं सांगेन."

"तू काय मेलेलीची साक्ष घेणार?"

"केकची घेते."

ती खाली बसली. केकचा वरचा भाग ओला होता, बोटाला चिकटत होता.

"बघा, रडतोय केक," मागून एक बाई पुटपुटली.

नान्योंगाने चष्मा लावला. त्या ओल्या पापुद्र्यावर बारीक रेघा उठल्या होत्या, सरळ आणि एकमेकींना समांतर. तिने तुकडा मोडून तोंडात टाकला. पूर्ण काळ्या पडलेल्या, बोगोया जातीच्या केळ्यांचा गोडवा, आत लुसलुशीत ओलावा. हात नालोंगोचाच! क्षणभर तिच्याही अंगावर काटा आला.

"सेंतोंगो, पहिल्या रविवारी किती केक होते?"

"दोन. दोन्ही कबरींवर एकेक. मीच पाहिले."

"वरून कसे होते?"

"कसे म्हणजे? वहिनीचे असायचे तसेच. कडक, तडकलेले."

"आणि त्यानंतरच्या रविवारी?"

"एकेकच. वहिनीच्या कबरीवर."

नान्योंगाने छोट्या कबरीकडे पाहिलं. तिच्यावर नुसती वाळकी पानं पडली होती.

तिथून ती नालोंगोच्या स्वयंपाकघरात गेली. त्या झोपडीला दार असं नव्हतंच, नुसती फळी आडवी लावलेली. आत नालोंगोचं मोठं पातेलं जागेवर होतं, अर्धं वाळूने भरलेलं. तापलेल्या वाळूत केकचा डबा ठेवायचा, वर झाकण, झाकणावर निखारे. शेगडी थंड होती. वरची वाळूही थंड होती. नान्योंगाने हात मनगटापर्यंत आत खुपसला.

आत वाळू कोमट होती. आजारी माणसाच्या अंगासारखी.

सेंतोंगो दाराशी उभा होता. त्यानेही हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. "आली होती ती! देवा, आली होती!"

"कुणीतरी आलं होतं खरं," नान्योंगा म्हणाली, आणि हात लुगड्याला पुसावा तसा आपल्या पायघोळ गोमेसीला पुसला.

घरात बाबिर्ये आईच्या खाटेवर बसली होती. अंगात अजून चर्चच्या गायकवृंदाचा निळा झगा होता.

"घाबरलीस?"

"दर वेळी घाबरते, न्याबो," मोठ्या बाईला मान देत ती म्हणाली. "पहाटे वास येतो. मी पांघरुणात माळ जपत पडून राहते."

"उठून बघितलं नाहीस कधी?"

"माझी छाती नाही होत."

"चारही वेळा केक तुलाच सापडला?"

"बागेतली वाट जवळची पडते. म्हणून मी आधी पोचते."

"आईकडून केक शिकलीस की नाही?"

बाबिर्येचा चेहरा दगडासारखा झाला. "आई मला चुलीपाशी उभी करायची नाही. नाकातो गेल्यापासून कधीच नाही. सगळं त्या केझियाला शिकवलं."

"घरात पिकलेली केळी आहेत का?"

"आई गेल्यापासून एक फणी आणलेली नाही. वासानेच रडू येतं."

कोपऱ्यात आईची कपड्यांची पेटी होती. झाकणाच्या फटीवर पाच-सहा चिलटं घिरट्या घालत होती.

"ही पेटी?"

"आईचे कपडे. मी उघडत नाही."

नान्योंगानेही उघडली नाही.

केझिया आपल्या खोपटात भिंतीला पाठ लावून बसली होती. तिचं गाठोडं बांधून तयार होतं. घरात हिरव्या माटोके केळ्यांचा एक घड होता. केळं पिकल्याचा वास नाही, एक चिलट नाही.

"केझिया, केक तू ठेवलेस?"

"हो म्हटलं तर मारतील. नाही म्हटलं तर देव ऐकतोय."

"पहिला रविवार?"

ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी नालोंगोचा वाढदिवस होता, चेअरमन. मला राहवलं नाही. माझ्या शेगडीवर भाजले आणि दोघींना एकेक ठेवला. ते बघून लोक असे पिसाळले की मी तोंडच उघडलं नाही. पण त्यानंतरचे माझे नाहीत. बायबलवर हात ठेवून सांगते."

"गावातल्या लोकांसारखी तूही घाबरलीस का?"

"त्यांच्याहून जास्त. मला वाटलं, ती खरंच आली. माझ्यावर रागावून."

परत जाताना नान्योंगा बागेतून गेली. केळीच्या बागेत पान शोधणं म्हणजे समुद्रात पाणी शोधण्यासारखं. पण तिला हवी होती ती ना हिरवी, ना वाळकी. कबरीपासून दहा पावलांवर एका खुंटाआड टोपली पडली होती. तिच्यात शिजून गडद झालेल्या, मऊ पडलेल्या पानांची चवड होती. सगळ्यांत आतल्या पानावर केकचा ओला चुरा चिकटला होता. तिने नाकाशी धरलं, आणि त्या वासाने तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. या बाईला आपण तिच्या हयातीत कधी काही विचारलं नाही, असं तिला वाटलं.

माटोके उतरलं तेव्हा अंगण भरलं होतं. केझियाला नान्योंगाने आपल्या शेजारी बसवलं होतं. बाबिर्ये काकाजवळ उभी होती.

"केक गरम होता, म्हणून तो मिस्साच्या वेळी भाजला, असं तुम्ही सगळे धरून चाललात," नान्योंगा म्हणाली. "नुकताच भाजला असता तर पातेल्यातल्या वाळूने माझा हात पोळला असता. वाळू कोमट होती. म्हणजे केक पहाटेच भाजून झाला होता."

"मग अकरा वाजता त्यातून वाफ कशी?" सेंतोंगोने विचारलं.

"तुमची बायको पहाटे माटोके पानांत बांधते आणि तुम्ही दुपारी फुंकर मारमारून खाता, ते कसं? केक म्हणजे डब्यातला, दुकानातला पदार्थ, म्हणून कुणाला पानं आठवली नाहीत. पण पानांत बांधलं की वाफ बाहेर जात नाही. कडक कवच ओलं होतं, आणि त्यावर पानाच्या रेघा उमटतात." तिने कबरीवरून आणलेली केकची ताटली आणि टोपली पुढे सरकवली. "केक रडत नव्हता. घामेजला होता."

पुढे उभ्या असलेल्या दोघांनी वाकून टोपलीतली पानं पाहिली.

"आता सांगा. केझियाला रविवारी सगळं गाव मोकळं असतं. तिला पहाटे उठून भाजायची, पानांत लपवायची गरज काय? गरज कुणाला? ज्याला मिस्साच्या वेळी चर्चमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायचं होतं त्याला. जो तिथून सगळ्यांच्या आधी बागेत पोचतो, पानं सोडतो, आणि मग ओरडतो."

माना एकेक करून वळल्या.

"मी?" बाबिर्ये म्हणाली. "माझ्या घरात केळंसुद्धा नाही!"

"बोगोया काळी पडायला दहा दिवस लागतात, पोरी. तेवढे दिवस ती कुठेतरी ठेवावी लागतात. चिलटांना खोटं बोलता येत नाही. आईची पेटी उघडू का सगळ्यांसमोर?"

बाबिर्ये घराच्या दारापुढे जाऊन उभी राहिली.

"तरी माझी खात्री पटत नव्हती," नान्योंगाचा आवाज खाली आला. "पटली ती छोट्या कबरीपाशी. जुळ्यांच्या आईला दिलं आणि जुळीला दिलं नाही, तर डावललेली जुळी देणाऱ्याचं अंग भाजते. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. ज्या घरी जुळी, तिथे आई जेवली की दोघी जेवल्या पाहिजेत. केझियाने पहिल्या रविवारी दोन ठेवले. सेंतोंगो, तुम्ही असता तर तुम्हीही दोन ठेवले असते, घाबरून का होईना. नाकातोला उपाशी ठेवायची हिंमत या गावात एकाच माणसाची होती."

"तिचंच सगळं होतं!" बाबिर्ये फुटली. "मेली तरी आई तिचीच! दर शनिवारी केकचा पहिला तुकडा त्या कबरीवर. मी स्वयंपाकघराच्या भिंतीच्या फटीतून बघायचे. तसंच बघून शिकले, न्याबो, चोरासारखी. माझ्याच घरात!"

"आणि केझिया? तिने काय केलं होतं?"

"पहिल्या रविवारी सगळे पांगल्यावर मी तो केक खाल्ला." ती मटकन खाली बसली. "आईच्या हाताची चव. मला वाटलं, आई आली. माझ्यासाठी आली. तिथेच मातीत बसून मी तिच्याशी बोलले, आयुष्यात बोलले नव्हते तेवढं. मग हिच्या दारात राख दिसली. केळ्याची काळी सालं दिसली. तासभर मला आई मिळाली होती, आणि ती हिने परत नेली. वाटलं, जाऊ दे हिला. ज्या केकने माझी आई परत नेली, त्याच केकने हिला गावाबाहेर काढावं."

सेंतोंगोने हात उगारला. मधे पडली ती केझियाच.

"तिला मारू नका. बाबिर्ये, ऐक. तुला वाटतं तिने तुला हाकललं. तुझ्या तोंडाला पीठ लागलं की तिला नाकातो उभी दिसायची. तोच चेहरा, तीच उंची. तिच्या हातातून डबा पडायचा. एकदा निखारे पायावर सांडले, तो डाग तू पाहिला आहेस. केळी कुस्करताना ती माझ्याशी दुसरं काही बोलायचीच नाही. बाबिर्ये जेवली का, बाबिर्ये आज गायली का. वीस वर्षं मी तुझंच ऐकत आले, गं."

केझियाने ताटलीतला केक मोडून तोंडात घातला. सावकाश चावला.

"माझा केक नालोंगोसारखा कधीच झाला नाही," ती म्हणाली. "ही चव माझ्या हातात नव्हती. ही तुझ्या हातात आहे."

बाबिर्ये ढसाढसा रडली. मग कुणी न सांगता उठली. ताटली घेऊन बागेत गेली. लोक जागच्या जागी उभे होते. तिने छोट्या कबरीवरची वाळकी पानं हाताने बाजूला केली, उरलेल्या केकचे दोन भाग केले, ते नीट जोखले, मोठा वाटला त्यातून चिमूटभर काढून दुसऱ्यावर घातला, आणि दोन्ही कबरींवर ठेवले.

काठ्या घेऊन आलेली माणसं काठ्या तिथेच टाकून पांगली. सेंतोंगोने केझियाचं गाठोडं उचललं आणि मान खाली घालून तिच्या खोपटात नेऊन ठेवलं. माफी मागायला त्याला पुढे आठवडा लागला.

केक तपासताना मोडलेला एक तुकडा नान्योंगाकडे राहिला होता. तो घेऊन ती गावाबाहेर, रस्ता वळतो तिथवर चालत गेली. गुडघे दुखत होते. येरीनाची कबर कुठे आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. नान्योंगाने रस्त्याकडेच्या दगडावर पान पसरलं, त्यावर तो तुकडा ठेवला, आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हणाली, "तो मलेरिया होता, येरीना. मला माहीत होतं."