बोटांना जमेल तो खटका

जऊळक्याच्या स्टेशनात अकोल्याकडची गाडी येऊन थांबली, तेव्हा चतुरा मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत बसली होती. डब्यातून एक उंच, सावळा तरुण उतरला. त्याच्या हातातल्या लाकडी पेटीची कडी निसटली आणि आतलं सगळं सामान खळखळत तिच्या टोपलीत सांडलं. पितळी खुंट्या, काळी बटणं, इवल्या दांड्यांचे खटके...

तो वाकला, तीही वाकली. दोघांची डोकी आपटता आपटता राहिली.

"तुमची भाजी खराब केली मी," तो ओशाळून म्हणाला.

"भाजी धुता येते," चतुरा म्हणाली. "तुमचं हे काय हाय ते धुता येते का, तेवढं पाहा."

तो हसला. हसताना त्याची मान थोडी डावीकडे कलली... हे आपण कशाला बघितलं, असं चतुराला लगेच वाटलं आणि ती मेथीत अडकलेली एक खुंटी सोडवू लागली.

त्याचं नाव नथ्थू. अकोल्याच्या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात तो कामाला होता. गावातल्या दौलतरावांच्या घरी मोटारीच्या बॅटरीवर दिवे बसवायला त्यांनी त्याला बोलावलं होतं. घर कुठं, हे त्यानं विचारलं. तिला तिथंच भाजी द्यायची होती. मग काय, पुढे ती नि मागे पेटी छातीशी धरलेला नथ्थू, अशी वरात गावातून निघाली.

चतुरा पुंजाजी माळ्याची एकुलती एक लेक. लहानपणी लग्न झालं, आणि सासरी नांदायला जायच्या आधीच नवरा पटकीनं गेला. तेव्हा गावातल्या बायका तिला सणासुदीला बाजूला सारायच्या. दौलतरावांच्या सीताबाईंनी मात्र तिला हाताला धरून स्वतःच्या स्वयंपाकघरात नेलं होतं. "सकाळी पहिलं तोंड मले हिचंच दिसलं पाह्यजे," असं चारचौघींत सांगितलं होतं. त्या दिवसापासून सीताबाईंच्या घरची भाजी चतुरा स्वतः निवडून नेत असे.

त्याच सीताबाईंची बोटं आता वातानं वाकडी झाली होती. काडी ओढता येत नसे की कंदिलाची वात वर करता येत नसे. दिवेलागणीला कुणी येईपर्यंत त्या अंधारात बसून राहायच्या, हाक मारायच्या नाहीत. दौलतरावांच्या ते फार जिव्हाराला लागलं होतं. बायकोचा दिवा बायकोच्या हातात असावा, एवढ्यासाठी हा सगळा घाट होता.

नथ्थूनं मन लावून काम केलं. पलंगाशेजारी सागवानी फळी बसवली आणि तिच्यावर पेटीतला सगळ्यांत देखणा खटका लावला. पितळेची गोल खुंटी, फिरवली की दिवा लागे. दौलतराव खूश झाले. सीताबाईंनी हात पुढे केला. खुंटी बोटांतून सटकली, पुन्हा धरली, पुन्हा सटकली. तेवढ्यात नथ्थूनंच ती फिरवून दिली, खोली उजळली, आणि सीताबाई "सुरेख हाय" म्हणत हसल्या. हसता हसता त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

ते फक्त चतुरानं पाहिलं.

ओसरीवर तिनं नथ्थूला गाठलं. "दिवा लागते तुमचा," ती म्हणाली. "पण त्यायच्या हातानं नाई लागत."

तिला वाटलं, हा आता चिडेल. पण तो आत जाऊन पेटी घेऊन आला आणि तिच्यासमोर उघडून बसला.

"मी नुसता डोयानं पाहून निवडला," तो म्हणाला. "कसा निवडाचा, ते तुमी सांगा."

बाहेर माघातल्या अवकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली होती. चतुरानं जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि त्याच्या बोटांभोवती घट्ट गुंडाळली. सीताबाईंसारखीच त्याचीही बोटं वाकता कामा नयेत, मिटता कामा नयेत.

मग एकेक खटका दोघांनी पारखला. काळं बटण दाबायला सोपं होतं, पण बोट उचललं की दिवा विझे. ते दारावरच्या घंटीचं होतं. इवल्या दांडीचा खटका चतुराला आवडला. नथ्थूनं त्यावर दोन दिवे लावून दाखवले आणि थोड्या वेळानं तिला हात लावायला सांगितलं. खटका चांगलाच तापला होता.

"एवढ्याशा बॅटरीवर तापते काहून?" तिनं विचारलं.

"बॅटरीचा जोर कमी, म्हणूनच," तो म्हणाला. "उतार कमी असला तं पाणी तेवढंच न्याले दांड रुंद लागते ना तुमच्या मळ्यात? तसंच हे. खटका आतून जाड पाह्यजे."

चतुराला ते एकदम उमगलं. वाफ्यांकडे पाणी नेणारा दांड ती रोजच सारखा करायची. आपल्या मळ्यातलं काही यालाही ठाऊक आहे, याचं तिला उगाच बरं वाटलं.

शेवटी पेटीच्या तळाशी मोटारीचा एक ओबडधोबड खटका निघाला. दांडी जाड, लांब. चिंध्या बांधलेल्या हातानं, तळव्याच्या कडेनं नुसतं ढकललं तरी खाली जाई, आणि "खट्" असा आवाज होई. दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं.

अडचण एकच होती. खटक्याची मान आखूड होती नि सागवानी फळी जाड. मान पलीकडे निघेना, नट बसेना. मग नथ्थूनं फळी मागच्या बाजूनं पटाशीनं कोरून पातळ केली. चतुरानं ती घट्ट धरली. लाकडाचा भुसा तिच्या केसांवर उडत होता, आणि तो दर घावाला थांबून म्हणत होता, "हात सांभाळा—"

"तुमी काम सांभाळा," ती म्हणाली. तिला हसू आवरेना.

दिवेलागणीला सीताबाईंनी मनगट नुसतं टेकवलं. खट्. खोली उजळली. त्यांनी विझवला. पुन्हा लावला. पुन्हा विझवला... लहान पोरीसारखा त्यांचा खेळच सुरू झाला, आणि त्यातच डोळे भरून आले. दौलतराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. सीताबाईंनी आपले वाकडे हात चतुराच्या गालांवर ठेवले. मग नथ्थूला जवळ बोलावून त्याच्याही डोक्यावरून हात फिरवला. तो खाली मान घालून उभा होता. त्याच्या डोक्यावरून असा हात आजवर कुणी फिरवला नव्हता, हे चतुराला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी तो मळ्यात आला. पुंजाजी मोट हाकत होता आणि चतुरा वांग्यांना पाणी देत होती. इकडचं तिकडचं बोलून झालं. नथ्थू चिखलात उभा राहून चपलेनं उगाच माती उकरत राहिला.

"सीताबाईनं तुमचं सारं सांगतलं मले," तो अखेर म्हणाला. "तुमच्यात पाट लावून दुसरं लगन चालते, आमच्यातही चालते. मी माळ्याचाच हाओ. तुमचं मन असंल तं..."

मन तर कालच गेलं होतं. पण मोटेवर वाकलेली बापाची पाठ तिला दिसत होती.

"बाले माया मांगं कोणी नाई," ती हळूच म्हणाली. "त्याले टाकून मी अकोल्याले येणार नाई."

"तुमाले न्याले कोण आलं?" नथ्थू म्हणाला. "मी मामाच्या घरी वाढलो. जिथं गेलो तिथं पाहुणाच राह्यलो. काल तुमी माये हात बांधले ना... तवा वाटलं, आता कोठी जाऊ नये. मलेच इथं राहू द्या."

पुंजाजीनं बैल थांबवले होते. त्यानं सगळं ऐकलं होतं. घरजावयाला लोक नावं ठेवतात, हे त्यानं नथ्थूला सांगून पाहिलं. नथ्थू म्हणाला, वाशीमच्या कापसाच्या जिनात मोटारींचं काम मिळेल, संध्याकाळच्या गाडीनं घरी येईन, आणि नावं ठेवायला आधी घर तर असावं लागतं. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. मग लेकीकडे वळला. तिच्या तोंडावरचं इतकं उजळ हसू त्यानं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यानं नुसते हात जोडले, कुणाला ते त्याचं त्यालाच ठाऊक, आणि बैलांना हाक दिली.

चतुरा पदरानं कपाळ पुसत झोपडीकडे निघाली. दारापाशी थांबली.

"भाकरी टाकतो," ती मागे न बघता म्हणाली. "जेवून जा..." मग वळली, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"नाई— जाऊ नका. जेवा."