हॅटीच्या हातातला दोर

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या आजीच्या, हॅटीच्या बाबतीत घडलेली आहे.

आयोवातलं आमचं छोटं गाव. ७ नोव्हेंबर १९१८ची दुपार.

पहिलं महायुद्ध संपल्याची तार आली आणि हॅटी चर्चकडे धावत सुटली. घंटा बडवून तिनं अख्खं गाव गोळा केलं. तिचा मोठा भाऊ ऑर्विल फ्रान्समध्ये, चिखलानं भरलेल्या खंदकांत लढत होता. त्याच्यासाठी आई रात्र रात्र जागून प्रार्थना करायची.

"आता तरी झोप गं, आई. दादा सुटला!"

आई हसली. कित्येक महिन्यांनी गाढ झोपली.

सकाळी कळलं... बातमी खोटी होती.

युद्ध खरोखर थांबलं ते अकरा तारखेला, सकाळी अकराला. ऑर्विल मात्र आई झोपली त्याच रात्री गेला होता.

आई एकदाच बोलली. "मला तू झोपवलंस, हॅटी."

पुढच्या वर्षीपासून अकरा नोव्हेंबर हा 'युद्धविराम दिन' म्हणून देशभर पाळायचं ठरलं. अकराच्या ठोक्याला हातातली कामं थांबवायची, गेलेल्यांना आठवायचं.

पाद्रीबाबा म्हणाले, "पोरी, घंटा तूच वाजव. तुझ्या घरचा मान आहे."

नाही कसं म्हणणार?

मनोऱ्यात ती एकटीच होती. तिनं दोर ओढला...

घंटा वाजली नाही.

पुन्हा ओढला. वरून कुणीतरी दोर घट्ट धरला होता.

वर तर नुसती घंटा.

दोरावरून गार चिखल ओघळत तिच्या बोटांवर आला... आणि अगदी कानाशी आवाज आला.

"हॅटे, या वेळी तरी खरं आहे ना?"

तिला 'हॅटे' फक्त ऑर्विल म्हणायचा.

हो म्हणायचं होतं तिला. पण तेवढंच तर ती मागच्या वेळीही म्हणाली होती. दोर टाकून ती पळाली.

१९५४ साली युद्धविराम दिनाचं नाव बदललं. तो सगळ्याच माजी सैनिकांचा दिवस झाला. मधे दुसरं महायुद्ध होऊन गेलं होतं, कोरियातलं युद्धही.

त्या वर्षी अकरा नोव्हेंबरच्या सकाळी मी आजीजवळ बसलो होतो. अकरा वाजले. गाव चिडीचूप झालं.

आजी खाली मान घालून पुटपुटली, "नाही रे, दादा... अजून नाही."

ती कुणाशी बोलली, हे मी कधीच विचारलं नाही.

कारण तिच्या पलीकडून कुणीतरी सुस्कारा टाकलेला मीही ऐकला होता...

पलीकडे नुसती भिंत होती.