धडधाकट शेळी

टेंभुर्णीच्या जनावरांच्या दवाखान्यात धडधाकट शेळी घेऊन येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. तोही सलग तीन मंगळवार, शाळेच्या मधल्या सुट्टीत!

"आज काय झालंय हिला?" मी वैतागून विचारलं.

"काहीच न्हाई, सुमेधा मॅडम. बिलकुल ठणठणीत हाय." राजानंद गुरुजींच्या हातात दोरी, आणि ओठांत ते हसू... त्या हसण्याचाच जास्त राग यायचा मला.

"मग आणता कशाला? सकाळपासून डोकं उठलंय माझं. एकाची म्हैस दगावली, दुसरा म्हणतो मॅडमच्या हाताला गुण नाही. बास झालं! सोमवारी जालन्याला पशुखाद्य कंपनीत रुजू होतेय. राजीनामा लिहून ठेवलाय."

हसू मावळलं. "चालल्या...?"

"माझ्या हातून इथं एक जनावर बरं होत नाही!"

त्यांनी शेळी पुढं ओढली. "हिला वळखलं न्हाई? कांताबाईची. माझ्या आईची. ज्वारी खाऊन पोट फुगल्तं, मी शाळेत होतो तवा."

मी डायरी उघडली. पोटात नळी घातली होती, औषध पाजलं होतं, आणि 'आशा ठेवू नका' म्हणून निघाले होते. दुसऱ्या दिवशी विचारायलाही गेले नव्हते. वाईट ऐकायची हिंमतच नव्हती. कांताबाईंच्या नावापुढं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं – मेली.

गुरुजी डायरीत डोकावले. "मेलेली बराबर पाला खाऊन राह्यली की!"

मला हसू आलं. डोळेही भरून आले.

"बरं झालेलं जनावर दवाखान्यात येतच न्हाई, मॅडम," ते हळूच म्हणाले. "तुमच्याकडं येतेत ते रडणारेच. मंग तुमाला वाटतं, समदे मेलेच."

"हे पहिल्याच मंगळवारी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं अस्तं, तर दुसऱ्या मंगळवारी कोणत्या तोंडानं आलो अस्तो?"

त्यांचे कान लाल झाले होते. माझेही झाले असावेत. मी 'मेली' खोडलं, इतक्या जोरात की कागद फाटला.

"गुरुजी, पुढच्या मंगळवारी शेळी आणू नका."

त्यांचा चेहरा पडला. "का वं?"

"उगाच उन्हात चालवता तिला. चहाला एकटे या."

"पण... सोमवारीच तर तुमी जालन्याला—"

"मंगळवारी म्हटलं ना मी!" मी खेकसले.