बारा एप्रिलचं कार्ड

"बाजूला व्हा!" मी ओरडले खरी, पण तोवर पाय घसरला होता. हातातला लाकडी खण उलटा झाला आणि तीनशे सहासष्ट कार्डं जिन्यावरून भिरभिरत खाली गेली. खालून एक उंच माणूस अवकाळी पावसाने भिजलेली छत्री झटकत वर येत होता. त्याच्या खांद्यावर फेब्रुवारी पडला आणि बुटांवर अख्खा नोव्हेंबर.

त्याने छत्री कठड्याला अडकवली, पायरीवर बसला आणि कार्डं वेचायला लागला. नुसता वेचत असता तर ठीक होतं... पण हा वाचतसुद्धा होता!

"वीस जुलै, चंद्रावर पहिलं पाऊल," तो म्हणाला. "पण अर्ध्या जगाच्या घड्याळांत तेव्हा एकवीस लागली होती."

"आपण कोण?"

"आजपासून तुमच्या वर्तमानपत्राचा मुद्रितशोधक."

"मग माझ्या चुका उद्यापासून काढा. आज कार्डं उचला."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. मी नाही हसले. पण नंतर कितीतरी वेळ माझी नजर त्याच्या टेबलाकडेच जात होती, हे उगाच कशाला लपवू?

मी 'या दिवशी' हे सदर लिहिते. शब्दकोड्याच्या खाली सहा ओळी असतात ना, एकाच तारखेला वेगवेगळ्या सालांत काय काय घडलं त्याच्या? त्या माझ्या. दर तारखेला एक कार्ड. आमच्या संपादकसाहेबांचा नियम कडक. घटना आधी पेन्सिलीने लिहायची, दोन पुस्तकांत सापडली की शाईने गिरवायची. पुस्तकांना ते साक्षीदार म्हणतात. एकच साक्षीदार असेल तर घटना पेन्सिलीतच राहते, छापत नाहीत.

आणि सदर चौदा दिवस आधी लिहून द्यावं लागतं. त्यामुळे माझं डोकं कायम दोन आठवडे पुढे. ताईच्या वाढदिवसाला मी दोन आठवडे आधी फोन करते आणि नेमक्या दिवशी विसरते. तो आला त्या दिवशी माझ्यासमोर सव्वीस एप्रिल होती, अणुवीजकेंद्राच्या स्फोटाची तारीख. म्हटलं, शकुन काही बरा दिसत नाही.

ऑफिसने त्याचं नाव 'काना-मात्रा' ठेवलं. माझ्या ओळी तो चहा घेता घेता तपासायचा. "इथे 'अखेर' हवं का? इतिहासात अखेर काही होत नाही," असं काहीतरी बोलायचा आणि मी चिडले की खूश व्हायचा. दर बुधवारी दुपारी माझी पेन्सिलीची कार्डं घेऊन वाचनालयात जायचा, दुसरा साक्षीदार शोधायला. दोन तासांत यायचा. मग तीन तासांत. मग चार...

एकदा मीच गेले बघायला. ग्रंथपालबाई! खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी, नाजूक मनगट, आणि हसणं तर असं की 'शांतता राखा' ही पाटी तिच्यासाठी नव्हतीच. काना-मात्रा शिडीवर चढलेला आणि ती खालून शिडी धरून उभी. शिडीला चार पाय होते, मजबूत होते. धरायची काय गरज?

"अय्या, तुम्हीच का 'या दिवशी'वाल्या?" ती म्हणाली. "हे तुमच्या कार्डांना किती जपतात!"

"कार्डांना," मी म्हणाले आणि तशीच परत आले. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

रात्री ताईला फोन करून सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "तुझ्या पोटात दुखतंय ते कळलं. आता त्याला सांग की!"

"मी? आधी मी सांगू? जीव गेला तरी नाही."

"मग बस शिडीच्या पायऱ्या मोजत," ताईने फोन ठेवला.

ऑगस्टात एका वाचकाचं पत्र आलं. बारा एप्रिललाच पहिला माणूस अंतराळात गेला आणि बरोबर वीस वर्षांनी त्याच तारखेला पहिलं स्पेस शटल उडालं, हे खरं का? खरंच आहे. माझी लाडकी तारीख ती. पोलिओची लस गुणकारी असल्याचं जाहीर झालं तेही बारा एप्रिललाच. उत्तर लिहायला कार्ड काढलं... आणि तळाशी, काना-मात्राच्या मुंगीएवढ्या अक्षरात, पेन्सिलीने एक ओळ होती.

'यंदा. पहिली भेट. हसली नाही. साक्षीदार एक.'

बारा एप्रिल! मी तर त्याला सव्वीसला भेटले. म्हणजे माझ्या आधी दोन आठवडे ही बया त्याच्या आयुष्यात होती! आणि 'हसली नाही' म्हणे. एरवी सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल असं हसते, त्या दिवशी तेवढी गंभीर झाली असेल. लाजली असेल! मी रबर घेतलं आणि ती ओळ खोडून काढली. कार्ड फाटायचं राहिलं एवढंच.

त्याच आठवड्यात तो माझ्या टेबलाशी आला. चष्मा काढून उगाच पुसत राहिला.

"वाचनालयात संदर्भ विभागात जागा निघालीय. ग्रंथपालबाईंनी सुचवलं. अर्ज... करू का?"

"मला काय विचारता?"

"तुम्हालाच विचारतोय."

'नको' एवढं दोन अक्षरांचं उत्तर होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण डोळ्यांसमोर ती ओळ आली.

"जरूर करा. तिथली माणसं फार चांगली आहेत. शिडी धरायलासुद्धा उभी राहतात."

त्याने चष्मा घातला, "बरं," म्हणाला आणि गेला. महिन्याभरात त्याची निवड झाली. शनिवार हा शेवटचा दिवस ठरला. आठवडाभर आम्ही फक्त स्वल्पविरामांबद्दल बोललो.

शनिवारी संध्याकाळी सगळे घरी गेले. मी चौदा ऑक्टोबर लिहीत बसले होते, विमान पहिल्यांदा आवाजापेक्षा वेगाने उडालं तो दिवस. तो खणाची किल्ली परत द्यायला आला. खण उघडला, थेट एप्रिलपाशी गेला आणि थांबला.

"हे कोणी खोडलं?"

"मी. एका साक्षीदाराची घटना कार्डावर किती दिवस ठेवायची?"

"दुसऱ्या साक्षीदाराला विचारायचं तरी."

"तुमच्या ग्रंथपालबाईंना? तुम्हीच विचारा! सोमवारपासून आहातच की शेजारी."

"त्यांना मी मे महिन्यात पहिल्यांदा पाहिलं," तो म्हणाला. "बारा एप्रिलला मी इथल्या जिन्यावर बसून कार्डं वेचत होतो."

"साफ खोटं! ती सव्वीस होती. अणुवीजकेंद्राचा स्फोट, मला चांगलं आठवतंय..."

"सव्वीस तुमच्या टेबलावर होती. भिंतीवर बाराच होती."

मी उठले. साहेबांच्या कपाटातलं हजेरीपत्रक काढलं, एप्रिलचं पान उघडलं. बारा तारखेच्या चौकटीत तीच मुंगीएवढी सही होती. त्याची पहिली सही.

हसली नाही... अगं बाई! हसली नव्हती ती मी!

मी हजेरीपत्रक मिटलं. ताईच्या वाढदिवसाची चूक मी त्याच्याबाबतीतही केली होती, आणि त्यापायी ज्याला 'नको जाऊ' म्हणायचं त्याला 'जरूर जा' म्हणून मोकळी झाले होते.

"मला ती बाई आवडत नाही," मी म्हणाले. "तिची वेणी आवडत नाही. तिने शिडी धरलेली आवडत नाही. ती चांगली आहे, ते तर मुळीच आवडत नाही. कारण... कारण मला तुम्ही आवडता. आता हसा हवं तर."

तो नाही हसला. त्याने बारा एप्रिलचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि शाईचं पेन दिलं. रबराने खरवडलेल्या जागी मी ओळ पुन्हा लिहिली. शाई थोडी पसरली. खाली मी सही केली, माझ्याशेजारी त्याने केली. पोलिओच्या लसीखाली आम्ही दोघं.

"आज तारीख काय?" मी विचारलं. नोकरीला लागल्यापासून हे मी कोणाला पहिल्यांदाच विचारलं.

"तीस सप्टेंबर."

ते कार्ड काढलं. त्यावर दोनच घटना होत्या, आजची ओळ लिहायला जागा भरपूर होती.

"सोमवारी मला तिकडे रुजू व्हावं लागेल," तो हळूच म्हणाला. "शब्द दिलाय."

"तिला?"

"वाचनालयाला!"

"बरं," मी म्हणाले. "मग दर बुधवारी दुपारी मी येणार. पडताळणीला."

"कशाच्या?"

"तुझ्या," मी म्हणाले.