जाईबाईचा उजवा हात

वेदनेवर माणसाने विजय मिळवला आहे, असं बडनेरा रोडवरच्या डॉ. शेखरच्या दवाखान्यात दर्शनी भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं. विजय साधारण दहा तास टिकायचा. मग भूल उतरायची आणि पेशंट सगळ्यांच्या मायबापाचा उद्धार करायचा.

म्हणून अकोल्याच्या परिषदेत ऐकून आलेला उपाय शेखरने भूलतज्ज्ञ डॉ. गीतांजलीच्या गळ्यात मारला. बधिरतेच्या इंजेक्शनात आणखी दोन औषधं मिसळायची, म्हणजे हात दीड दिवस झोपतो.

"एकच टाकू, सर."

"दोन्ही टाका. वॉर्डात बोंब नको मला."

तिने दोन्ही टाकली. त्यावरून तिला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला होता. पेशंट जाईबाईच्या उजव्या काखेत सुई घालताना तिचा हात हलू नये म्हणून शेखरनेच तो आपल्या उजव्या हातात धरला होता.

जाईबाई वलगावची. झेंडू-शेवंती स्वतः लावणार, हारही स्वतःच ओवणार. सोमवारी तिच्या मोडलेल्या मनगटात धातूची पट्टी बसवली. आज शुक्रवार. हात उशीवर होता. गरम, नाडी उत्तम, आणि मेलेला.

"लगनसराई आली, डॉक्टरीनबाई. सुई याच हातानं चालते माही. परत येईन ना तो?"

"येईल."

"चार दिवस झाले येऊन राहिला. गेला कोठी पन?"

गीतांजलीने बोटात टाचणी टोचली. जाईबाई छताकडे बघत राहिली.

"कोनी धुऊन राहिलं त्याले."

"कोणाला?"

"हाताले. साबन लागून राहिलं. नखात बुरुश. पार कोपरापावतर."

हात कोरडा होता. घड्याळात नऊ वाजून दहा. वरच्या मजल्यावर शेखर रोज याच वेळी ऑपरेशनसाठी हात धुतो.

"आता रबर चढवलं. लय आवळते."

गीतांजलीने खाटेशी उभ्या नर्स रागिणीच्या मोबाइलवर फोन लावला. "चालू ठेव. ही जे बोलेल ते ऐकू येऊ दे." आणि ती जिना चढली.

वर ती टोपी-मास्क चढवून आत पोचली तोवर दुसऱ्या भूलतज्ज्ञाने भूल दिलेला गुडघा शेखर उघडून बसला होता.

"सर, उजव्या हाताला स्पर्श कळतो तुमच्या?"

"सोमवारपासून बधिर आहे थोडा. मानेचं असेल."

"आणि तुम्ही ऑपरेशन करताय?"

"डोळे आहेत ना मला! यादी भरलेली आहे, मॅडम."

समोरचा ट्रे त्याच्या अंगावर फेकावा असं तिला वाटलं. फेकला नाही, निर्जंतुक होता.

फोनच्या स्पीकरवरून जाईबाई बोलली, "आता ओलं हाये. गरम."

शेखरचा उजवा हात गुडघ्यात होता.

"थांबा, सर."

तो थांबला नाही.

"अवं माय! कापला! अंगठा कापला!"

शेखर शीळ घालत होता. त्याच्या हातमोज्यात, अंगठ्याच्या टोकाला, लाल फुगा भरत होता.

"कोण ओरडतंय? जाईबाई?" तो वर न बघता म्हणाला. "दुखतंय म्हणजे उतरली भूल. सोडा तिला घरी."

खाली जाईबाईच्या अंगठ्यावर ओरखडाही नव्हता. बोट एकही हलत नव्हतं. कार्डावर 'संवेदना परतली' असा शिक्का बसला, आणि तिला वलगावची दोनची बस मिळाली.