वळणकुंची

त्या काळात घरातलं पहिलं मूल स्वमग्न असलं, की दुसरं मूल सरकारी दवाखान्यातून कुंची घेऊनच घरी यायचं. आज्या जुन्या लुगड्याची शिवायच्या तशीच, कान झाकणारी, पाठीवर उतरणारी. फक्त हिच्या अस्तरात केसाहून बारीक तारा असायच्या. नाव वळणकुंची. हिनं बाळाच्या मेंदूला वेळेत वळण लागतं, असं दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. तासगावच्या हौसाक्का मगदूमांनी ते वाचलेलं नव्हतं. दुसरीत शाळा सुटली ती सुटलीच. पण नवऱ्यामागं द्राक्षबाग आणि चार भांडकुदळ दीर त्यांनी निव्वळ जिभेच्या धारेवर वळणात ठेवले होते. वळण म्हणजे काय, हे त्यांना भिंतीनं शिकवायची गरज नव्हती.

आज त्या मिरजेच्या संशोधन केंद्रात शिरल्या त्या नंबर न लावताच. कडेवर दहा महिन्यांची नात पद्मा, उघड्या डोक्याची. कुंची दुसऱ्या हातात, मेलेला उंदीर शेपटीला धरावा तशी. मागून सून सुनीती धावत होती.

"आत्याबाई, अहो बाहेर लोक बसलेत!"

"बसू देत. बसायलाच आल्यात."

डॉ. केतकी नगरकरांनी मान वर केली. ही कुंची त्यांनीच घडवली होती. हौसाक्कांनी ती त्यांच्या टेबलावर आपटली.

"डॉक्टरीणबाई, माझी नात तिच्या भावाला बघत न्हाई."

"तिची नजर गेल्याच महिन्यात तपासलीय, आजी. उत्तम आहे."

"नजर हाय गं. भाऊ दिसत न्हाई. पारस हिच्यापुढं डब्याचं झाकण गरागरा फिरवतो. आठ वर्षांचं पोर, बोलत न्हाई, पर हिच्यासाठी ते करतो. झाकण पडलं की ही दचकती. फिरवणाऱ्याकडं बघती ती भिंतीकडं बघावं तशी. चार म्हैन्यांची हुती तवा त्याच्या गुणगुणण्यावर खिदळायची. ते खिदळणं कुठं गेलं? तू कुठं ठेवलंस?"

डॉक्टरबाईंनी कुंची उलटून अस्तर वर केलं. मग म्हणाल्या, "समजेल असं सांगते. तुमची बाग आहे ना? समजा, एखादी वेल–"

"बागेचं मला नको शिकवू. मेंदूचं सांग."

"बरं. जन्मल्यावर मेंदू गरजेपेक्षा कितीतरी जास्त दोरे विणतो. जे वापरात येतात ते जाड होतात, न वापरलेले सुकून जातात. स्वमग्न मुलांच्या काही धाकट्या भावंडांत ही वीण वेगळी पडायला लागते. बोलायला उशीर होतो तेव्हा ते घरच्यांना कळतं, आम्हाला तारांमधून सहाव्या महिन्याच्या आतच दिसतं. तेव्हा कुंची काम करते. बाळानं आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडं बघितलं, की मेंदूत जिथं दुधाची गोडी कळते तिथं ती हलकीशी थरथर पाठवते. आमच्या नर्स त्याला मधाचं बोट म्हणतात. बघितलं की मध, बघितलं की मध. हळूहळू माणसांचा दोरा घट्ट होतो."

"आणि आपलं माणूस कोण, हे त्या फडक्याला कुणी सांगितलं?"

"तुम्ही," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कुंची पहिल्यांदा चालू होते ती बारशाला. पाळण्यावर वाकून जे जे बाळाला बघतात, ते चेहरे ती ठेवून घेते. बाकी सगळ्याला, पंख्याला, पडद्याला, टीव्हीला मध नाही."

हौसाक्कांना बारसं आठवलं. कुपवाडच्या नणंदा, हरभऱ्याच्या घुगऱ्या, पाळण्याखालून वरून बाळ देणाऱ्या बाया. आणि आदल्या दिवशी येऊन गेलेली केंद्राची नर्स: थोरल्याला तेवढं मागच्या खोलीत ठेवा, त्याच्या ओरडण्यानं यंत्राचा घोटाळा होतो. कडी हौसाक्कांनीच घातली होती. पाव्हण्यांपुढं पोरानं कानावर हात ठेवून किंचाळू नये, घराण्याला कुणी नाव ठेवू नये म्हणून जरा खुशीतच घातली होती.

"म्हंजे पारसला मागं ठेवाय सांगितलं, ते नर्सचं चुकलं," त्या म्हणाल्या.

"नाही. तशीच पद्धत आहे. बाळानं थोरल्याचं अनुकरण करू नये म्हणून."

"ठरवून?"

"ठरवून. आजी, शेकडो मुलं आज बोलतायत त्यामुळं."

हौसाक्कांचा आवाज चढला तो बाहेरच्या बाकापर्यंत पोचला. "एप्रिलात मी आख्खी बाग छाटते. गडी दहा असतात, पर काडीवरचा कुठला डोळा राखायचा, कुठला उडवायचा, ते धनी ठरवतो. माझ्या घरात तू कधीपास्नं धनी झालीस? माझा नातू छाटलास, आणि कात्री माझ्याच हातात दिलीस! मी तर पाव्हण्यांना घुगऱ्या वाटत हुते!"

"आत्याबाई, बास!" सुनीती पहिल्यांदाच सासूवर ओरडली. "पद्मा मला 'आई' म्हणते. कळतंय का? पारसनं आठ वर्षांत एकदा म्हटलं नाही. मी त्याचं सगळं केलं, करते, करीन. पण एक तरी मूल माझ्याकडं बघून हसू दे की! मला ती कुंची पाहिजे."

"हस की, पोटभर हस. मी तर आज हाय, उद्या न्हाई. उद्या तूबी न्हाईस. मग पारसचं कोण करणार? ही? भिंतीला कोण जेवाय वाढतं गं?"

सुनीतीनं तोंडाला पदर लावला. तो प्रश्न तिला पारस दोन वर्षांचा असल्यापासून माहीत होता.

"त्याला घाल आत," हौसाक्का डॉक्टरबाईंना म्हणाल्या. "त्याचा चेहरा घाल कुंचीत. आत्ता."

"चेहरा घालता येईल. पण जे सुकलं ते परत फुटेल, असं मी सांगू शकत नाही."

दार उघडंच होतं. बाहेर एक नटलेली पोटुशी बाई नर्सला विचारत होती, "आमच्यात कुणी स्वमग्न नाही हो, पण कुंची खासगीत घेतली तर चालते म्हणे. बारशाला सासूबाईंना वाकू दिलं नाही, तर जमतं ना?" नर्स हसली. "हल्ली सगळ्या हेच विचारतात."

डॉक्टरबाईंनी उठून दार लोटलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "हे आम्हाला नको होतं," त्या म्हणाल्या.

एवढ्यात कडेवरच्या पद्मानं मान वळवून हौसाक्कांच्या तोंडाकडं बघितलं आणि दोन दात दाखवत हसली. हे हसू हौसाक्का गावभर मिरवत आल्या होत्या. माझी नात माझ्यावर गेली, म्हणत.

"डॉक्टरीण, हे हसू कुणाचं?"

"कुंची डोक्यावर नाहीय, आजी. तिचंच आहे."

"तसं न्हाई विचारलं. कुंची नसती, तर हिनं मला असं बघितलं असतं का?"

डॉक्टरबाईंनी टेबलावरच्या कुंचीच्या तारांवरून बोट फिरवलं.

"ते आता कुणालाच कळणार नाही. ती दुसरी पद्मा आपण वाढवलीच नाही."

हौसाक्कांनी आजवर कुणाच्या नजरेपुढून मान फिरवली नव्हती, दिरांच्या नाही की सावकाराच्या नाही. ती त्यांनी आता फिरवली. पद्मानं इवल्या मुठीत त्यांची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडं ओढलं, खिदळत, आणि त्यांनी फिरवलं की पुन्हा ओढलं.