रांगेतला एक कागद

मोबाईल उपडे ठेवा आधी. तो कोपऱ्यातलाही. सांगतोय ते ऐकीव नाही, आणि शेवटचा भाग तर मी या डोळ्यांनी पाहिलाय. मध्येच कुणी 'काका, काहीतरीच!' म्हणालं तर मी सरळ उठून झोपायला जाईन.

मागच्या गल्लीतला वायऱ्या तुम्ही पाहिलाय. कॉम्प्युटर जोडून देतो, खांद्यावर कायम वायरीचं वेटोळं. आईबाप लहानपणीच गेले, थोरल्या ताईनं वाढवला त्याला. स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाही बाईनं. तर गेल्या वर्षी त्या ताईच्या मानेला गाठ आली. गाठीतला तुकडा चौकातल्या लॅबमध्ये तपासायला दिला. पाच फेब्रुवारीला दुपारी रिपोर्ट मिळाला, घाबरण्यासारखं काही नाही म्हणून. वायऱ्याच्या जिवात जीव आला.

त्याच संध्याकाळी लॅबमधल्या टायपिंगच्या मावशी गेल्या. एकोणीस वर्षं सगळे रिपोर्ट त्यांनीच टाइप केले होते. कागद मोजायला उजव्या हाताच्या बोटाला हिरवी रबरी टोपी असायची, ती घालूनच चहा प्यायच्या. त्या दिवशी प्रिंटरमधला कागद संपला म्हणून नवा गठ्ठा घ्यायला उठल्या आणि टेबलाशीच कोसळल्या. मग त्या खुर्चीवर कोणी बसेना, आणि प्रिंटर, स्कॅनरही त्यातच, तो तर मावशींच्याच कॉम्प्युटरला जोडलेला. लॅबचे डॉक्टर वायऱ्याला म्हणाले, "बाबा रे, प्रत्येक खोलीतून प्रिंट आणि स्कॅन होईल असं काहीतरी कर."

हा गेला. तेरा तारीख, गुरुवार, रात्री साडेनऊ. दिवसा पेशंटची वर्दळ, म्हणून रात्री. डॉक्टर किल्ली देऊन घरी गेले.

काम डाव्या हाताचं. प्रिंटर त्या कॉम्प्युटरवरून काढायचा आणि साबणाच्या वडीएवढ्या एका डबीला जोडायचा. तिला म्हणतात प्रिंट सर्व्हर. सगळ्या खोल्यांतून आलेले कागद ती रांगेत लावते आणि एकेक करून छापायला सोडते. वायऱ्यानं मावशींचा कॉम्प्युटर उघडला, तर जुन्या रांगेत एक कागद अडकलेला. एकच पान, आठ दिवसांपूर्वीचं. आता या धंद्यातल्या लोकांची खोड अशी, की नवं बसवताना जुनी रांग आधी पुसून टाकायची. कुणाचं पान, कशाचं पान, बघत नाहीत. यानंही पुसलं. कॉम्प्युटर बंद केला, वायर उपटली, सगळं टेबलाखाली सरकवलं.

डबी बसली. छपाई झाली. स्कॅन केलेलं मेलवर जातं का बघायला यानं स्वतःचा पत्ता घातला आणि चार कोरे कागद स्कॅन करून पाठवले. खिशात मोबाईल चारदा वाजला. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

निघताना सहज त्यानं रांग पाहिली.

एक पान. पाठवणारा: रिसेप्शन.

रिसेप्शन म्हणजे मावशींचा कॉम्प्युटर. तो तर टेबलाखाली. त्याची वायर याच्या खांद्यावर...

पुसलं.

परत आलं.

"काय कटकट आहे!" मोठ्यानं म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजाला दचकला. परत पुसलं. मागे खुर्ची कुरकुरली. कुणी बसल्यावर कुरकुरते ना... तशी.

"कोण आहे?"

...

प्रिंटरनं कागद ओढला.

यानं झेप घेतली आणि प्लग उपटला. कागद अर्धा बाहेर. वर लॅबचं नाव, त्याखाली एक ओळ: 'आधी दिलेला रिपोर्ट रद्द समजावा.' पुढे पेशंटचं नाव यायचं, तेवढ्यात मशीन बंद. खालचा भाग कोरा. यानं तो कागद ओढून काढला, चुरगाळला, टोपलीत टाकला आणि जो पळत सुटला तो घरी येऊन दाराला कडी. डॉक्टरांना सांगावं असं मनात आलं होतं. हसतील म्हणून गप्प बसला. तुम्ही सांगितलं असतंत? बोला की! ...मीही नसतं सांगितलं.

जूनमध्ये ताईचा आवाज बसला. मोठ्या हॉस्पिटलात परत तपासलं. गाठ वाईट होती, पहिल्यापासूनच. "चार महिने आधी आला असतात तर..." तिथले डॉक्टर म्हणाले. मग लॅबचं रजिस्टर काढलं. त्या दिवशी दोन बायकांचे तुकडे आले होते आणि निकाल एकमेकींच्या नावावर टाइप झाले होते. लॅबच्या डॉक्टरांनी न बघता सह्या ठोकल्या होत्या. मावशींच्या हातून एकोणीस वर्षांत एवढी एकच चूक.

ऑगस्टमध्ये ताई गेली.

चार दिवसांनी वायऱ्या माझ्याकडे आला. तुम्ही बसलात तिथेच बसला आणि धाय मोकलून रडला. "काका, मीच पुसलं. तीनदा पुसलं." मी म्हटलं, "अरे वेड्या, तो कागद ताईचाच होता कशावरून? अर्धाच तर निघाला. किती वाजले होते तेव्हा?" वेळ बघायला त्यानं त्या रात्रीच्या मेल काढल्या. कधी उघडल्याच नव्हत्या. कोरे कागद कोण उघडून बघतो?

यानं पाठवल्या होत्या चार.

मेल होत्या पाच.

शेवटची अकरा वाजून बारा मिनिटांची. तेव्हा हा घरी, डोक्यावरून पांघरूण घेऊन. आणि मशीनचा प्लग... सकाळी झाडणाऱ्या बाईला जमिनीवर सापडला होता.

त्यानं माझ्यासमोर उघडली.

चुरगाळलेला कागद, परत हातानं सपाट केलेला. वरचा अर्धा छापील. खाली कोऱ्या भागावर निळ्या शाईत नेटकं अक्षर. ताईचं पूर्ण नाव. त्याखाली, 'भावाला आजच कळवा.' आणि कडेला, काचेवर दाबून धरलेलं एक बोट. त्याला हिरवी टोपी.

पोर नुसतं मेलवरच्या तारखेकडे बघत होतं. सहा महिने ती मेल त्याच्या खिशात होती.